पळणारी गाडी, रोजचा रस्ता

सोलापुरात कुणी गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ‘कुठली?’ असा नसतो. ‘हप्ता किती बसतो?’ असा असतो. दुसरा प्रश्न उंचीचा. गाडी उंच हवी, पांढरी हवी आणि वलीम्याच्या मंडपाबाहेर लावली की चार लोकांनी वळून बघायला हवं. अशा दिवसांत मी दहा वर्षं वापरलेली, बुटकी, मागे लांब डिकी असलेली सेडान घेतली. तीही टर्बो पेट्रोल, आणि आधीच्या मालकानं ट्यून करून घेतलेली. गेले आठ महिने ती रोज चालवतोय. नातेवाईक, बाजारातले लोक, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर भेटणारे, सगळे एकच विचारतात, “एवढं काय बघितलंस तिच्यात?” एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी गरज सांगतो. माझा धंदा सुताच्या दलालीचा. रोज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांना चकरा, आठवड्यातून एकदा इचलकरंजी किंवा पुणे, अधूनमधून हैदराबाद. महिन्याला दीड हजार किलोमीटर सहज होतात. घरात अब्बा-अम्मी आहेत. अम्मीचे गुडघे गेलेत. तिला उंच गाडीत चढवताना दोघं लागतात. तिची बहीण गुलबर्ग्याला, त्यामुळे तिकडची फेरीही ठरलेली. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, लायसन्स काढून दीड वर्ष झालं. म्हणजे जी गाडी येणार ती धंद्याची, आजारपणाची आणि तरण्या पोराची, अशी तिघांचीही असणार.

आता पैसा. सुदाचं कर्ज घ्यायचं नाही, हे अब्बांनी घालून दिलेलं आणि मी आजवर पाळलेलं बंधन. कुणी पाळत नसेल तर मी त्याला बोल लावत नाही. धंद्यात काय काय करावं लागतं ते मला ठाऊक आहे. पण आमच्या घरात गाडी रोखीनं येते, आणि रोख होती चार लाख. आज कारखान्यातून येणारी टर्बो सेडान घ्यायची तर चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे, 1.5 लिटरची, 150 पीएसची. ह्युंदाई व्हर्नाची टर्बो आहे, 160 पीएसची. दोन्ही उत्तम, पण चार लाखांच्या कितीतरी वरच्या. आणखी वर बघायचं तर स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. 2020 मध्ये तिच्या 245 पीएसच्या फक्त 200 गाड्या भारतात आल्या, किंमत जवळपास 36 लाख. ती बघायला छान, आमच्या हिशेबात न बसणारी.

पण बाजाराची एक गंमत आहे. सगळ्यांना एसयूव्ही हवी झाल्यापासून जुन्या सेडानचे भाव पडलेत. त्यातही पेट्रोल, त्यातही कंपनीनं गाशा गुंडाळलेली, म्हणजे तर विचारायलाच नको. चार लाखांत जिथं एखादी जुनी हॅचबॅक येते, तिथं कधीकाळची दांडगी सेडान येते. मी फियाट लिनिया टी-जेट शोधायला लागलो ती अशी.

ही गाडी 2010 मध्ये आली. साध्या लिनियात 1.4 लिटरचं पेट्रोल इंजिन 90 पीएस द्यायचं. टी-जेटमध्ये त्याच आकाराच्या इंजिनाला टर्बो लावून 114 पीएस काढले. आकडा आज फार वाटणार नाही. पण पीएसपेक्षा महत्त्वाचा आकडा टॉर्कचा, म्हणजे ओढीचा. तो 207 न्यूटन मीटर, आणि तोही 2200 फेऱ्यांवर. इंजिन किंचाळायला न लावता गाडी पुढे सरसावते. शिवाय चारही चाकांना डिस्क ब्रेक, जे त्या काळात या किमतीत दुर्मीळच. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात ती बनायची. 2019च्या सुमारास फियाटच्या गाड्या भारतात विकायच्या थांबल्या. कारखाना मात्र चालू आहे. तिथून जीप बाहेर पडतात.

सोलापूरकराला फियाट परकी वाटायचं कारण नाही. भारतात फियाटची गाडी ज्यांच्या कंपनीनं बनवली ते वालचंद हिराचंद 1882 साली सोलापुरातच जन्मले. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला. आधी अमेरिकन गाड्या जोडल्या, नंतर फियाट. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्या टॅक्सीचा शेवटचा फेराही संपला. आज वालचंदांचं नाव आपल्याकडे कॉलेजांवर आहे. पण माझ्यासाठी ते अब्बांच्या पद्मिनीशी जोडलेलं आहे. अब्बांनी सत्तावीस वर्षं एका डॉक्टरांची पद्मिनी चालवली. सुमारे 40 अश्वशक्तीची गाडी, स्टिअरिंगजवळचा गियर, आणि निघण्याआधी दोनदा ब्रेक दाबून बघायची अब्बांची सवय. ती सवय त्यांची अजून गेलेली नाही. रिक्षात बसले तरी पाय दाबतात.

आता मूळ मुद्दा. माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसाला पळणारी गाडी हवीच कशाला? वेगासाठी म्हणाल तर कायदा तिथंच थांबवतो. केंद्राच्या 2018च्या अधिसूचनेत कारसाठी कमाल मर्यादा एक्सप्रेसवेवर ताशी 120 आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100 किलोमीटर. पुणे रस्त्यावर 100 च्या वर जायचं नाही, आणि 100 ला कुठलीही गाडी पोचते.

माझं उत्तर उसाच्या ट्रॅक्टरमध्ये आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. गळीत हंगाम सुरू झाला की आतल्या दोनपदरी रस्त्यांवर एकामागे एक ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं माखलेला. अशा ट्रॅक्टरला ओलांडताना तुम्ही समोरून येणाऱ्याच्या बाजूला असता. तिथं तुम्ही किती वेगानं गेलात हे फारसं महत्त्वाचं नाही. तिथं किती वेळ राहिलात हे महत्त्वाचं. माझ्या जुन्या हॅचबॅकला जे काम दहा सेकंदांचं, ते ओढ असलेल्या गाडीला पाच सेकंदांचं. समोरचा ट्रक ताशी 80 नं येत असेल तर वाचलेल्या पाच सेकंदांत तो 110 मीटर जवळ आला असता. एवढ्या अंतरात घर उघडं पडतं.

पण हाच हिशेब उलटाही मांडता येतो, आणि तो मांडल्याशिवाय गाडी घेऊ नये. धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. 80 ऐवजी 100 नं जाताना वेग सव्वापट होतो, पण ब्रेकनं जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. जी ओढ पाच सेकंद वाचवते तीच ओढ पोराच्या पायाखाली असली की, जिथं ओलांडू नये तिथंही ‘बसेल की’ असं वाटायला लावते. मोहल्ल्यातल्या दोन पोरांच्या जनाज्याला मी खांदा दिलाय. दोघंही रस्त्यावर गेली, दोघंही माझ्या मुलाहून लहान. त्यामुळे ‘पिकअप कसा आहे’ या प्रश्नाकडे मी आता नुसत्या हौसेनं बघू शकत नाही.

मला मिळालेली गाडी 2015 ची होती. खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची. पुढे फिटनेस, नूतनीकरण आणि हरित कर. म्हणजे पाच वर्षं निर्धास्त. मीटर 62 हजारांवर, रंग मूळचा, भाव तीन लाख दहा हजार. मालक हौशी आणि सरळ मनुष्य. त्यानं काही लपवलं नाही. “रीमॅप केलीय, 140च्या आसपास देते,” म्हणाला. माझा मुलगा तिथंच पघळला.

रीमॅप म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगतो. इंजिनातून बाहेर जाणारा गरम धूर टर्बोचं चाक फिरवतो. ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. किती हवा दाबायची, किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे सगळं ईसीयू नावाचा एक डबा ठरवतो. कारखाना त्या डब्यात आकडे भरताना हात राखून भरतो: पेट्रोल खराब मिळेल, उन्हाळा कडक असेल, मालक सर्व्हिसिंग चुकवेल. ट्यूनर लॅपटॉप लावून ते आकडे बदलतो आणि राखून ठेवलेलं बाहेर काढतो. ना नट ना बोल्ट, तासाभरात तीस घोडे वाढतात.

यात जादू नाही आणि फसवणूकही नाही. हेच 1.4 टी-जेट इंजिन फियाटनं स्वतः पुंटोच्या अबार्थ आवृत्तीत बसवलं तेव्हा त्यातून 145 पीएस काढले होते. म्हणजे इंजिनाची कुवत आहे. पण कंपनीनं तेव्हा गाडी खाली घेतली, सस्पेन्शन कडक केलं, आणि अख्खी गाडी त्या ताकदीवर तपासून मग विकली. कारखान्यानं केलेलं ट्यूनिंग आणि लॅपटॉपनं केलेलं ट्यूनिंग यांतला फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. एकात ताकदीबरोबर जबाबदारीही वाढवलेली असते. दुसऱ्यात नुसती ताकद.

अब्बांना मी मुद्दाम गाडी बघायला नेलं. ते पुढे बसले, मालकानं होटगी रोडला गाडी ताणून दाखवली. आम्ही सगळे सीटला चिकटलो. मुलगा मागून हसत होता. उतरल्यावर मालकानं विचारलं, “कशी वाटली चाचा?” अब्बा म्हणाले, “भागती तो बहोत. रुकती कैसी, वो दिखाओ.”

मग आमच्या मिस्त्रीनं चाकं काढली. पुढचे ब्रेक पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झालेले. मागच्या डिस्कला कडेनं धार आलेली. टायर दिसायला बरे, पण टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते सांगत होते की टायर 2017 सालचे आहेत. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. म्हणजे गाडीची ताकद पाव पटीनं वाढवण्यावर खर्च झाला होता, आणि तिला थांबवण्यावर तेवढ्या वर्षांत काहीच नाही. वाईट हेतूनं नव्हे. पळण्याचं कौतुक होतं, थांबण्याचं कुणी करत नाही, एवढंच.

दुसरी तपासणी कागदांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये तेच ठासून सांगितलं. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण बघतो. रीमॅपचा आवाज येत नाही म्हणून तो कुणाला दिसत नाही. पण अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला तर? विमा एजंटाला मी सरळ विचारलं. तो म्हणाला, “सांगितलं नाही तर कुणाला कळतंय?” हे उत्तर नव्हे. विम्याचा करार विश्वासावर चालतो; न सांगता घेतलेला विमा ऐन वेळी हातात राहील याचा भरवसा नाही. आणि त्या वेळी समोर माझं नुकसान नसेल, कुणाच्या तरी घरातला माणूस असेल.

म्हणून मी ठरवलं ते असं: गाडी घ्यायची, रीमॅप काढायचा. मालकानं मूळ फाइल जपून ठेवली होती, त्याच तासाभराच्या कामानं गाडी परत 114 पीएसवर आली. उरलेला पैसा ब्रेकमध्ये गेला: चारही डिस्क, पॅड, ऑइल, चार नवे टायर. त्याबरोबर टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप. या इंजिनाला बेल्ट आहे आणि तो तुटला तर इंजिन संपतं. जुनी गाडी घेताना ‘बदललाय’ असं तोंडी ऐकून सोडायची ही गोष्ट नाही. सगळे मिळून 61 हजार. एकूण तीन लाख 71 हजार. हप्ता शून्य.

मुलगा चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्यानं रोखठोक विचारलं, “मग टी-जेटच कशाला घेतली? साधी घ्यायची होती.” प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्याला म्हटलं, साधी घेतली असती तर उसाच्या ट्रॅक्टरमागे आपण लाचार असतो. ही गाडी तिच्या कारखान्यानं पळण्यासाठीच बनवली आहे, आणि पळण्याएवढं थांबायचं सामानही तिला दिलं आहे. तेवढी ताकद माझ्या कुवतीत बसते. तिच्यावरची तीस घोड्यांची ताकद वापरायला रस्ता नाही, कागद नाही आणि तुझ्या हाताला अजून तेवढी वर्षंही झाली नाहीत. त्याला पटलं असं म्हणणार नाही. पण आता निघण्याआधी तो दोनदा ब्रेक दाबून बघतो. आजोबांची नक्कल म्हणून सुरू केलं होतं, ते आता अंगवळणी पडलंय.

आठ महिन्यांत रोजच्या वापराचं काय कळलं तेही लिहितो, कारण गाडी शेवटी विजापूर वेशीतल्या गर्दीत कळते. 2000 फेऱ्यांच्या खाली टर्बो झोपलेला असतो. गर्दीत गाडी जड वाटते, सारखा गियर खाली टाकावा लागतो. शहरात लिटरला दहा, हायवेला चौदा किलोमीटर, आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे. महिन्याचा खर्च बघून डिझेलवाले मित्र कीव करतात. मे महिन्यात पारा 43 वर गेला की गाडीही आपल्यासारखीच मरगळते. गरम हवा विरळ असते, आणि इंजिन ठोकू नये म्हणून ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो. ट्यूनिंगचे आकडे थंड सकाळचे असतात. सोलापूरची दुपार त्यातले थोडे परत घेते. मोठा पल्ला मारून थांबलो की चावी लगेच बंद करत नाही. मिनिटभर इंजिन चालू ठेवतो, तापलेल्या टर्बोमधलं ऑइल जळू नये म्हणून.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसाचं. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, तो टर्बोला मानवतो. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणून अॅव्हरेज थोडं घटतं. 2015च्या गाडीचे रबरी पाइप या इंधनासाठी बनवलेले नाहीत. मिस्त्रीला दर सर्व्हिसिंगला ते हातानं दाबून बघायला सांगितलंय. सुटे भाग पुंटोशी बरेच जुळतात, म्हणून मिळतात, पण आज सांगितलेला आठ दिवसांनी पुण्याहून येतो. ज्याचं काम एक दिवसही गाडीवाचून अडतं आणि घरात दुसरी गाडी नाही, त्यानं या वाटेला जाऊ नये. माझ्याकडे मोटारसायकल आहे, तेवढ्यावर निभतं.

जमेच्या बाजूला पहिलं नाव अम्मीचं. सीट कमरेच्या उंचीला येते. ती आधी बसते, मग पाय आत घेते, कुणाचा हात लागत नाही. डिकी 500 लिटरची, सुताच्या नमुन्यांचे कोन आणि गुलबर्ग्याहून येणारी लोणच्याची बरणी एकत्र मावतात. हायवेला गाडी रस्ता धरून चालते, मागे बसलेल्याला झोप लागते. आणि एक सुख असं की ही गाडी कुणाच्या डोळ्यावर येत नाही. वलीम्याला पांढऱ्या एसयूव्हींच्या रांगेत लावली तर लोकांना वाटतं, बिचाऱ्याचा धंदा बसलेला दिसतोय. वाटू दे. दिखाव्याचा पैसा वाचला, तो टायरला लागला.

तुमच्यापैकी कुणी अशी गाडी बघत असेल, तर पिकअपची चक्कर मारून झाल्यावर विकणाऱ्याकडून तीन गोष्टी बघा: ब्रेकचं शेवटचं बिल, टायरवरचे चार आकडे, आणि ईसीयूतली फाइल कुणाची आहे. रस्ता सगळ्यांचा असतो. आपल्या पायाखालची ताकद ही आपल्याकडे त्या सगळ्यांची अमानत असते. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याची, ट्रॅक्टरमागच्या अंधाराची, शाळेतून सुटलेल्या पोरांची. तिचा हिशेब देता येईल तेवढीच घ्यावी. माझ्यापुरता तो 114 वर जुळला. तुमचा कदाचित वेगळा जुळेल, पण जुळवून मगच चावी हातात घ्या.